तिसऱ्या दिवसाचा मुक्काम

१

मार्च महिना लागला की वेल्गा ग्रीनवाल्देचा उजवा कान दुखायला लागे. लिएपाया शहरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन टेबलांची एक प्रवास-कचेरी होती. उन्हाळ्याआधी किनाऱ्यावरच्या एकूण एक मुक्कामाला फोन करायचा आणि यंदा घर चालू आहे ना, खोल्या किती, न्याहारी देणार का, हे विचारून घ्यायचं, हे काम तेवीस वर्षं तिच्याकडे होतं. जर्मन यायचे, डच यायचे. सगळ्यांचं मागणं एकच असायचं: जिथे कोणी जात नाही तिथे आम्हाला जायचंय. वेल्गा त्यांना लिएपायापासून उत्तरेला कोल्काच्या टोकापर्यंतचा चार दिवसांचा रस्ता आखून द्यायची. डांबर कुठे संपतं, खडी कुठे लागते, पेट्रोल कुठे भरून घ्यायचं, कुठल्या गावात धुरावरचा मासा दुपारी दोनच्या आत संपतो, सगळं तिला तोंडपाठ.

स्वतः मात्र ती त्या रस्त्याने एकदाही गेली नव्हती. तिच्या लहानपणी तो किनारा सरहद्दीचा म्हणून बंद होता. पास नसेल तर पाऊल टाकायची सोय नव्हती. संध्याकाळी सैनिक वाळूवरून दाताळं ओढून ती सारखी करून ठेवायचे, कोणाची पावलं उमटली तर सकाळी दिसावीत म्हणून. पुढे किनारा खुला झाला तेव्हा मुलगी लहान होती, मग सासू अंथरुणाला खिळली, मग नवऱ्याच्या सुट्ट्या जुळेनात. नवरा, इमांट्स, शहरातली ट्राम चालवायचा. पस्तीस वर्षं त्याच रुळांवरून गेला आणि त्याच रुळांवरून परत आला.

नोव्हेंबरात इमांट्सच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डिसेंबरात तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्चीत बसला, तो बसलाच. वेल्गा सकाळी त्याचे पाय पुसायची, गोळ्या डबीत घालायची, कचेरीत जायची, परत येऊन पुन्हा पाय पुसायची. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याच्या तोंडाला याला जरा बाहेर काढा, हवा बदलू द्या, फक्त एका दमात तासाभराहून जास्त बसवू नका. एप्रिलअखेर वेल्गाची नोकरी संपत होती. तेव्हा तिने ठरवलं, आता हा रस्ता आपल्यासाठी आखायचा.

एका रविवारी न्याहारीच्या टेबलावर तिने नकाशा पसरला.

"कशाला?" इमांट्स म्हणाला. "समुद्र इथेही आहे."

"इथला बघून झालाय."

"तेवीस वर्षं लोकांना पाठवलंस. कसं आहे ते त्यांनी येऊन सांगितलंच असेल ना?"

"सांगितलं की."

"मग झालं तर. तू सगळा किनारा ऐकून बसलीयस. आता बघायचं काय राहिलंय?"

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आधीच विरून गेलं. हल्ली असंच व्हायचं. तिने पेन्सिल घेतली आणि दर तासाला एक खूण करत गेली. पहिला मुक्काम पाविलोस्ता. दुसरा व्हेंट्सपिल्स. चौथा कोल्का. तिसऱ्याची पंचाईत होती. ज्या घरी ती नेहमी लोकांना उतरवायची त्या घराची मालकीण मुलाकडे आयर्लंडला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत समोरच्या टेबलावरच्या मारुताने तळाचा खण उपसला. मारुता तिच्याच वयाची, तोंडाने फटकळ. कागदांखालून तिने एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. त्यावर हाताने गाव आणि मालकिणीचं नाव लिहिलेलं होतं: आन्सराग. ऑस्त्रा. खोली मिळेल. खाली नंबर.

"हे बघ. जिवंत असली तर देईल," मारुता म्हणाली.

२

बराच वेळ घंटी वाजली. मग कोणीतरी उचललं.

"नमस्कार, लिएपायाहून बोलतेय," वेल्गाने तेवीस वर्षं घोटलेलं वाक्य सुरू केलं. "चौदा मेला, दोन माणसांसाठी, एका रात्रीपुरती खोली..."

"वेल्गा का?"

आवाज म्हातारीचा होता, पण खणखणीत. मागे कुठेतरी भांड्यात काहीतरी उकळत होतं.

"हो," वेल्गा म्हणाली.

"नीट पोचलीस ना घरी? म्हटलं अजून फोन कसा नाही पोरीचा. त्या खडीवरून एकटी गेलीस, मला घोर लागून राहिला."

वेल्गाने समोर पाहिलं. मारुता संत्रं सोलत होती.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, बाई. मी तुमच्याकडे कधी आलेले नाही."

पलीकडे नुसतं भांडं उकळत राहिलं.

"बरं," म्हातारी मग म्हणाली, आजाऱ्याची समजूत घालावी तशा सुरात. "नाही तर नाही. चौदाला ये. खोली काय, आहेच. आणि या वेळी ती निळी गाडी पाइनखाली लावू नकोस. चीक गळतो."

वेल्गाने फोन ठेवला आणि कान चोळला.

"काय गं? जिवंत आहे ना?" मारुताने विचारलं.

"आहे. तू तिला आधी फोन केला होतास?"

"मी? ते कार्ड कुठल्या सालचं आहे तेही मला ठाऊक नाही."

"मी नुकतीच येऊन गेले म्हणते. आमची निळी गाडी घेऊन."

"अगं, जंगलात एकटी राहतेय. बोलायला माणूस मिळालं तर सोडेल होय? उद्या म्हणेल, तू तिची हरवलेली बहीण." मारुताने संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली. "खा. पांढरी पडलीयस."

वेल्गाने ती खाल्ली. निळ्या गाड्या शंभर असतात, ती स्वतःशी म्हणाली. वेल्गा नावाच्या बायकाही असतील. कोणीतरी येऊन गेली असेल, म्हातारीने दोन माणसं एक केली असतील. संध्याकाळी बर्च झाडाच्या रसाच्या दोन बाटल्या घेऊन ती ट्राममध्ये चढली, खिडकीशी बसली, आणि पुलापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण फोनवर नाव सांगितलंच नव्हतं.

घरी तिने हे काही काढलं नाही. इमांट्सने रसाचा ग्लास हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि एका दमात संपवला.

३

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिने ठरवलं, आन्सराग नको. व्हेंट्सपिल्सहून थांबत थांबत सरळ कोल्का गाठू, पाच तास लागले तर लागले. मारुता जेवायला बाहेर गेली होती. खाली गल्लीत कोणीतरी रिकामे खोके आपटत होतं. वेल्गाने नंबर फिरवला.

"चौदाचं रद्द करायचंय, बाई."

"का गं? बरं नाही का तुला?"

"मी बरी आहे. नवऱ्याची तब्येत..."

"तब्येतीला काय झालंय? चांगली आहे की आता!" म्हातारी खुशीत होती. "पहिले चार दिवस अन्नाला हात लावला नाही, तो भाग वेगळा. आता बटाटे दोनदा वाढून घेतो, वर शेपूची तक्रार. पायाची सूज उतरतेय. डाव्याची उतरली, उजव्याची आहे थोडी."

"कोणाच्या पायाची?"

"तुझ्या माणसाच्या. इमांट्सच्या."

वेल्गाने टेबलाची कड धरली. कड थंड होती, खरी होती.

"बाई, माझा नवरा घरी आहे. आत्ता या घडीला घरी आहे."

"असेल," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मी कुठे काही म्हटलं? तू ठेवून गेलीस तेव्हाच म्हणाली होतीस, थोडे दिवस, मला जरा झोपू द्या. त्यात लाज कसली, पोरी? मी माझ्या माणसाचं सहा वर्षं केलं. दारात उभी होतीस तेव्हाच मला कळलं."

वेल्गाला नोव्हेंबर आठवला. हॉस्पिटलसमोर गाडी लावून ती आत बसली होती. वर तिसऱ्या मजल्यावर इमांट्स नुकताच शुद्धीवर आला होता आणि पाणी, उशी, नर्स, खिडकी, प्रत्येक गोष्टीवरून कुरकुरत होता. ती खाली त्याचा टॉवेल आणायला आली होती. टॉवेल मांडीवर घेऊन चाळीस मिनिटं बसून राहिली. आत्ता गाडी सुरू करावी आणि निघून जावं, कुठेही, त्याला राहू दे इथेच. एवढंच मनात होतं. मग ती वर गेली होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही.

"सकाळी उठला की पहिलं विचारतो, वेल्गाचा फोन आला का," म्हातारी सांगत होती. "थांब, जागा असला तर देते..."

"नको," वेल्गा म्हणाली.

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. मग लांबून, वरच्या मजल्यावरून यावा तसा, खोकला ऐकू आला. दोन कोरडे, एक ओला, आणि शेवटी घशातल्या घशात चिडून केलेलं "हं!" हा खोकला तिने चौतीस वर्षं ऐकला होता. थिएटरच्या अंधारात तिने तो ओळखला असता, गर्दीच्या बाजारात ओळखला असता.

तिने फोन ठेवला आणि लगेच घरचा नंबर लावला. नऊ वेळा घंटी वाजली.

"काय?" इमांट्स म्हणाला.

"काही नाही. जेवलास?"

"जेवलो. तू जेव. आभारी आहे फोन केलास म्हणून."

४

त्यानंतर ती त्याच्याकडे पाहू लागली. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहू लागली.

आभार मानणारा माणूस नव्हता तो. चांगला होता, कधी हात उगारला नाही, पगार घरी आणायचा. पण सूप पुढे ठेवलं तर 'मीठ कुठाय' म्हणायचा. आता तो आभार मानायचा. बटाटे सोलून ठेवायचा. शेपू नको म्हणायचा नाही, घातली तेवढी खायचा. आणि खोकला? तिने बसून दिवस मोजले. घरी आल्यापासून तो खोकला होता का? जानेवारीत एकदा, बहुतेक. की तो वरच्या मजल्यावरचा शेजारी होता?

दवाखान्यातल्या नर्सला तिने फोनवर विचारलं, आडून आडून. नर्स हसली. "बाई, छाती उघडून बंद केलीय त्यांची. माणूस घाबरतो, मऊ होतो. कित्येक बायका उलटी तक्रार घेऊन येतात. तुमचं नशीब समजा."

मुलगी सानिता आयर्लंडमधल्या कॉर्कहून फोन करायची. तीही तेच म्हणाली. "आई, बाबा हल्ली किती छान बोलतात गं! आधी फोन घेतला की 'आईला देतो' यापुढे गाडी जायची नाही. काल अर्धा तास बोलले. पोरांची नावं घेऊन घेऊन विचारलं."

"काय बोलले?"

"अगं, हेच. तू जे सांगतेस तेच सगळं. किनाऱ्याच्या ट्रिपचं, तुझ्या कचेरीतल्या शेवटच्या दिवसाचं."

एका दुपारी वेल्गाने चहा केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इमांट्स, आपण पहिल्यांदा भेटलो ते आठवतं?"

ती गोष्ट त्यांच्या घरात शंभरदा सांगून झाली होती. तिच्या बुटाची टाच ट्रामच्या रुळात अडकली होती आणि समोरून तो ट्राम घेऊन आला होता. वेल्गाची सांगायची तऱ्हा ठरलेली: बूट रुळात, मी रस्त्यात, आणि हा वर बसून घंटा बडवतोय. आणि प्रत्येक वेळी, पाहुण्यांदेखत, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोरसुद्धा, इमांट्स टेबलावर बोट आपटून म्हणायचा: मी घंटा वाजवलीच नव्हती. मी ब्रेक मारून खाली उतरलो होतो. चौतीस वर्षं त्या घंटेवरून त्यांची जुंपायची.

इमांट्सने कप खाली ठेवला.

"आठवतं की," तो म्हणाला. "बूट रुळात, तू रस्त्यात, आणि मी वर बसून घंटा बडवतोय."

खिडकीबाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं. वेल्गा ते दणके ऐकत राहिली.

"वाजवली होतीस तू घंटा?"

"वाजवली होती ना. तूच तर सांगतेस." आणि तो हसला. छान हसला.

ती उठली आणि नळ सोडून उगीचच कप विसळत बसली. विसरला असेल. बायकोशी एकदाचं पटवून घ्यावं असं वाटलं असेल. मरता मरता वाचलेल्या माणसाला घंटेचं काय घेऊन बसायचं? सगळं पटण्यासारखं होतं आणि तिने ते पटवून घेतलं. खरं सांगायचं तर आणखीही एक होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. घरात शांतता होती. ती सलग सहा सहा तास झोपत होती. तिच्या पाठीतली, नोव्हेंबरापासूनची कळ गेली होती.

५

मे महिन्याच्या बारा तारखेला ते निघाले. वेल्गा गाडी चालवत होती, इमांट्स शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. पाविलोस्ताला त्यांनी बाकावर बसून धुरावरचा मासा राईच्या ब्रेडबरोबर खाल्ला. यूर्कल्नेच्या उंच कड्यावर वारा इतका होता की बोलायची गरजच पडली नाही. तिने आखलेल्या प्रत्येक खुणेला बाक होता, स्वच्छतागृह होतं. बघण्यासारखं होतं का? होतं. पण तिला सारखं वाटत होतं की आपण दुसऱ्या कोणासाठी हे तपासून बघतोय.

तिसऱ्या दिवशी व्हेंट्सपिल्स सोडल्यावर जंगल लागलं. दोन्ही बाजूंना पाइन, मध्ये सरळ रस्ता, समुद्र कुठे दिसत नव्हता. नुसता त्याचा उजेड डाव्या हाताच्या झाडांमागे होता. दीडच्या सुमाराला एक फाटा आला. फळीवर रंगाने लिहिलं होतं: आन्सराग ४.

तिचा सरळ जायचा बेत होता. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"तिकडे नको," इमांट्स म्हणाला.

आन्सराग हा शब्द तिने घरात एकदाही उच्चारला नव्हता. नकाशावर तिथे तिने खूणही केली नव्हती.

"का?"

"काही नाही तिकडे."

"तुला काय माहीत?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "थकलीयस तू, वेल्गा. उगाच कशाला? कोल्का सरळ आहे."

इतक्या मायेने म्हणाला तो. सरळ जायला तिला फक्त पाय उचलायचा होता. ती तशीच बसून राहिली. इंजिन धडधडत होतं. शेवटी तिला वाटलं, बघितलं नाही तर उरलेलं आयुष्य मी या माणसाचा चहाचा कप विसळत उभी राहीन. तिने चाक डावीकडे वळवलं.

खडीवर गाडी थडथडत होती, पण त्याचे हात गुडघ्यांवरून हलत नव्हते.

६

चार घरं होती, दोन बंद. तिसऱ्याच्या अंगणात रबरी बूट घातलेली बुटकी म्हातारी कोबीची रोपं लावत होती. गाडी थांबल्यावर ती उठली, हात एप्रनला पुसले. पहिल्यांदा वेल्गाकडे पाहिलं. मग काचेतून इमांट्सकडे पाहिलं आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला करावी तशी नुसती मान हलवली. इमांट्सने मान हलवली नाही.

"ये," ऑस्त्रा वेल्गाला म्हणाली. "तो बसेल गाडीत."

"तो माझा नवरा आहे," वेल्गा म्हणाली. आपण हे कोणाला सांगतोय, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"हो, हो. ये तू आत."

स्वयंपाकघर बुटकं होतं, दुपारच्या उन्हाने भरलेलं. चुलीवर बटाटे शिजत होते. टेबलावर एक ताट मांडलेलं, एक ट्रेमध्ये. ट्रेमधल्या ताटाशेजारी पाण्याचा रिकामा जग होता. वेल्गा दारातच उभी राहिली. माझ्या ओळखीचं इथे काही नाही, ती मनाशी म्हणाली. मी इथे कधीच आलेले नाही. ही भिंत, ही चूल, मी पहिल्यांदा बघतेय. आणि हे खरंच होतं. तिला काही म्हणजे काही ओळखीचं वाटत नव्हतं. त्याने उलट तिला धीर आला.

वर खुर्ची सरकली.

"गाडीचा आवाज ऐकला त्याने," ऑस्त्रा म्हणाली. "जा. अकरा पायऱ्या आहेत, शेवटची उंच आहे."

वेल्गा चढली. दर पायरीला तिने स्वतःला सांगितलं की वर कोणीतरी म्हातारा असेल, हिचा भाऊ असेल, भाडेकरू असेल, खोकले सगळ्यांचे सारखेच असतात. शेवटची पायरी उंच होती. समोरचं दार अर्धं उघडं होतं. कापराच्या मलमाचा आणि फार दिवस न झटकलेल्या गोधडीचा वास आला.

खिडकीकडे तोंड करून एक माणूस बसला होता. तिला पाठ दिसली, मळका पांढरा सदरा, मानेवर हॉस्पिटलात वेडेवाकडे कापलेले केस, आणि एक कान. उजवा पाय स्टुलावर होता. मोजा घोट्यापर्यंत खाली ओढलेला आणि घोट्याच्या वर त्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ.

"आलीस का?" तो म्हणाला. "किती वेळ लावलास."

तिने चौकट धरली.

"पाणी संपलंय सकाळपासून. हाका मारून मारून घसा सुकला. म्हातारी बहिरी आहे का काय? आणि बटाटे कच्चे ठेवते. ही उशी बघ, उशी म्हणतात हिला?" मग खोकला, दोन कोरडे, एक ओला. "हं! अशी मागे काय उभी राहिलीस? माझी मान वळत नाही. समोर ये."

चार पावलं होती. चार पावलं टाकून खिडकीपाशी गेलं की चेहरा दिसला असता, आणि मग काही विचार करायचा राहिला नसता. तिने एक पाऊल टाकलं. खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं अधीर होऊन वाजायला लागली, मधल्या बोटाचं नख काळं होतं, ट्रामच्या दारात सापडून तसंच राहिलेलं. घरी खुर्चीत बसणाऱ्या इमांट्सच्या बोटाला ते नख तसं होतं का? तिला आठवेना. आठवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

त्याच्या खांद्यावरून तिला खिडकीबाहेरचं अंगण दिसत होतं. गाडी दिसत होती. काचेमागे इमांट्स बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि वर, नेमका या खिडकीकडे बघत होता. तोंडावर राग नव्हता. शाळेच्या बाकावर आपलं नाव पुकारलं जाईल का म्हणून वाट बघणाऱ्या पोरासारखा चेहरा होता.

वेल्गाच्या पाठीत, कमरेच्या वर, नोव्हेंबरातली ती कळ हळूच येऊन बसली.

"वेल्गा?" खुर्चीतला माणूस म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला. "आहेस ना?"

"पाणी आणते," ती म्हणाली.

ती खाली आली, जग उचलला आणि नळाखाली धरला. भरून वाहायला लागला तरी धरून राहिली. ऑस्त्राने मागून येऊन नळ बंद केला आणि जग तिच्या हातातून काढून घेतला.

"दे इकडे. आता पुन्हा वर गेलीस तर निघवायचं नाही तुला."

वेल्गाने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत दोष नव्हता, दयाही नव्हती. ओळख होती फक्त. ती जग घेऊन जिन्याकडे वळली, आणि वेल्गा अंगणातून, कोबीच्या नव्या रोपांवर पाय पडू न देता, गाडीपर्यंत आली.

डांबर लागलं तसा गाडीचा थडथडाट थांबला.

"वर कोणी होतं का?" इमांट्सने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नव्हतं."

त्याने श्वास सोडला, लांब, सुटकेचा. तेव्हा वेल्गाच्या लक्षात आलं की तीन दिवस शेजारी शेजारी बसून, शेजारी शेजारी झोपून, त्याच्या श्वासाचा आवाज आपण आत्ता पहिल्यांदाच ऐकतोय. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. कोल्का अजून बावीस किलोमीटर होतं.